प्लास्टीनंतरचा ट्रोपोनिन : आकडा रक्ताचा, रेघ कुणाची?



हृदयावर व्याख्यान म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात : तेल किती खावं आणि ताण कसा टाळावा. आज दोन्हींना सुट्टी. आजचा विषय एका तपासणीचा आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाल्यावर खुद्द त्या उपचारानं हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे रक्तातून कसं ओळखतात? आणि ओळखल्यावर त्या आकड्याचं करायचं काय?

हा विषय मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या परिषदेत शोभेल, वाशीमच्या सभागृहात कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण रिसोड, मानोरा, कारंजा, कुठल्याही गावी पारावर बसा. 'स्प्रिंग टाकून आलेला' माणूस आता सहज भेटतो. त्याच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल असते. फाइलमध्ये ईसीजीच्या पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट. त्यातल्या एका रिपोर्टवर 'ट्रोपोनिन' असं लिहिलेलं असतं, पुढे एक आकडा, आणि आकड्याशेजारी ठळक अक्षरात 'हाय'. घरात जो कुणी शिकलेला असतो तो हा कागद वाचतो आणि घाबरतो. नळी तर उघडली, मग हे हाय कसं?

उत्तराचे तीन टप्पे करू. रक्तात ही खूण येते कुठून, हा पहिला. किती खुणेला इजा म्हणायचं आणि ते कोण ठरवतं, हा दुसरा. आणि आपल्या जिल्ह्यात या आकड्याची नेमकी कुठे फसगत होते, हा तिसरा.

आधी थोडा इतिहास. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरनं एका ३८ वर्षांच्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत बारीक फुगा नेला, फुगवला आणि नळी उघडली. हे फुगे तो घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवत असे. पुढे १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयाच्या नळीत पहिली जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली. बायपासची वाट त्याआधीच रुळली होती. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फाव्हालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाला जोडायला सुरुवात केली.

वाशीम अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तेव्हा प्लास्टी म्हणजे वावर विकायची वेळ. मग चित्र पालटलं. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा अमरावती त्या आठांत होता, वाशीम नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला : साधी जाळी ७,२६० रुपये, औषध लावलेली २९,६०० रुपये, वर कर. उपचार अकोला, अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे होऊ लागले, आणि माणूस दोन-तीन दिवसांत घरी परतू लागला.

हे 'दोन-तीन दिवसांत घरी' लक्षात असू द्या. तिसऱ्या टप्प्याचा सगळा गुंता तिथेच आहे.

आता पहिला टप्पा. स्नायूच्या पेशीला मार बसला, तिचं आवरण फाटलं, की आतला ऐवज रक्तात झिरपतो. तो ऐवज मोजला की इजा कळते. कल्पना सोपी आहे. अडचण एवढीच की नेमकं काय मोजायचं? १९५४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हार्ट अटॅकनंतर रक्तात एक एन्झाइम वाढतं. तेच ते एसजीओटी, जे आज आपण काविळीत पाहतो! यकृतातही ते असतंच, मग हृदयाचा निवाडा त्याच्यावर कसा करणार? त्यानंतर आलं सीपीके. ते तर अंगातल्या प्रत्येक स्नायूत. दिवसभर सोयाबीनची सोंगणी केलेल्या माणसाचं सीपीके वाढलेलं असतं. अंग दुखतं म्हणून कमरेत इंजेक्शन घेतलं, तरी वाढतं. आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे या तपासणीनं किती जणांना उगाच हृदयरोगी ठरवलं असेल, कोण जाणे. मग सीपीकेचा हृदयात जास्त सापडणारा प्रकार वेगळा काढला, सीके-एमबी. पुढची कित्येक वर्षं तोच कसोटीचा दगड होता. पण थोडा सीके-एमबी हातापायांच्या स्नायूंतही असतो, आणि बायपाससाठी छाती उघडली की तिथलेही स्नायू कापले जातातच.

खरी वाट उघडली ती जपानमध्ये. सेत्सुरो एबाशी हे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात स्नायू आकसतो कसा, याचा शोध घेत होते. त्यांना एक प्रथिनांचा संच सापडला, ट्रोपोनिन. त्यात तीन घटक : सी, आय आणि टी. यातल्या आय आणि टी यांची घडण हृदयात वेगळी आणि हातापायांच्या स्नायूंत वेगळी असते. म्हणजे हृदयाचा ट्रोपोनिन रक्तात दिसला, तर तो हृदयातूनच आला असं बहुतेक वेळा म्हणता येतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ट्रोपोनिन-आय आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ह्यूगो काटुस यांच्या गटानं ट्रोपोनिन-टी रक्तात मोजून दाखवला.

या प्रथिनाची एक खासियत आहे. त्याचा अगदी थोडा भाग पेशीत सुटा असतो. बाकीचा स्नायूच्या धाग्यांत घट्ट बसलेला. सुटा भाग आधी बाहेर पडतो, म्हणून दोन-तीन तासांत चाहूल लागते. बांधलेला भाग सावकाश सुटत राहतो, म्हणून आकडा आठवडा, कधी दोन आठवडे चढा राहतो. सीके-एमबी मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो. ट्रोपोनिन लवकर बोलायला लागतो आणि लवकर गप्प बसत नाही. हा गुण की दोष? प्रसंगावर आहे.

मग प्लास्टीत हृदयाला मार बसतो कसा? फुगा फुगलेला असतो तेवढा वेळ नळीतून रक्त जात नाही. चरबीचा थर चेपला जाताना त्याचे कण सुटतात, पुढच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात. मोठ्या नळीत जाळी बसली की तिच्या कडेनं फुटणारी एखादी बारकी फांदी बंद होते. क्वचित नळीचं आतलं अस्तर चिरतं, आणि क्वचित नळी उघडूनही पलीकडे रक्त पोचत नाही. बायपासची तऱ्हा वेगळी. तिथे अनेकदा हृदय थंड द्रावण देऊन थांबवतात, महाधमनीला चिमटा लावतात, हृदय हातात धरून टाके घालतात. म्हणून बायपासनंतर ट्रोपोनिन जवळपास सगळ्यांचाच वाढतो. न वाढला तरच नवल.

म्हणजे उपचार चोख झाला तरी आकडा वाढू शकतो. 'हाय' हा शब्द कुणाच्या चुकीचा पुरावा नव्हे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी : फार वाढला तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. मग फार म्हणजे किती?

हा दुसरा टप्पा, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा.

पहिली रेघ अशी आखतात. निरोगी माणसांच्या रक्तात थोडा ट्रोपोनिन असतोच. शंभरातल्या नव्व्याण्णव निरोगी माणसांचा आकडा ज्याच्या खाली राहतो, ती सामान्य पातळीची वरची हद्द. सध्याच्या अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी तपासणीत ती १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. पुढची रेघ जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून आखली. २००७ च्या व्याख्येत प्लास्टीनंतर या हद्दीच्या तिप्पट गेलं की हार्ट अटॅक म्हणायचा. २०१२ मध्ये तिपटीची पाचपट झाली, आणि नुसता आकडा चालणार नाही, सोबत दुसरा पुरावाही हवा, असं ठरलं. २०१८ च्या चौथ्या व्याख्येनं तेच कायम ठेवलं. दुसरा पुरावा म्हणजे ईसीजीत नवा बदल, किंवा इकोत स्नायूचा एखादा भाग नव्यानं मंद झालेला, किंवा अँजिओग्राफीतच फांदी बंद झालेली दिसणं. हे सगळं उपचारानंतरच्या ४८ तासांतलं. बायपाससाठी पाचाऐवजी दहापट.

उदाहरण घेऊ. आधी ८, प्लास्टीनंतर ६०. वाढ आहे, पण पाचपट म्हणजे ७०, त्याच्या आत. याला किरकोळ इजा म्हणायचं. दुसऱ्याचा आधी ८, नंतर ११०. रेघ ओलांडली, पण छातीत कळ नाही, ईसीजी जसाच्या तसा, नळ्या मोकळ्या. ही लक्षणीय इजा. हार्ट अटॅक नाही. तिसऱ्याचाही ११०, पण ईसीजी बदलला आणि फांदी बंद दिसते. हा हार्ट अटॅक, व्याख्येच्या भाषेत '४अ' प्रकारचा. चौथा अटॅक येऊनच दाखल झालेला, आधी ९००, तिथेच स्थिरावलेला, नंतर १,०००. हजार! पण वाढ जेमतेम अकरा टक्के. व्याख्या म्हणते वीस टक्क्यांहून जास्त हवी. म्हणजे हजारवाला सुटला आणि एकशेदहावाला धरला गेला. पहिला आकडा हाताशी नसता तर हा निवाडा झाला असता का? आणि पाचवा, अटॅक आल्या-आल्या तातडीनं प्लास्टीला घेतलेला, ज्याचा आकडा चढतीवरच आहे. त्याच्यात किती इजा अटॅकची आणि किती फुग्याची, हे ट्रोपोनिन सांगूच शकत नाही.

आता गंमत पाहा. सगळ्यांना ही पाचपट मान्य आहे का? नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं वेगळी रेघ सुचवली : ट्रोपोनिन ७० पट, किंवा ईसीजीत नव्या खुणा असतील तर ३५ पट. दहावीच्या निकालासारखंच झालं. उत्तरपत्रिका तीच, गुण तेच. पास व्हायला पस्तीस लागतात की पाच, यावर पोरगं पास की नापास ते ठरणार.

हा शब्दांचा कीस नाही, याचा धडा एका मोठ्या चाचणीनं दिला. तिचं नाव 'एक्सेल'. हृदयाची डावी मुख्य नळी अरुंद झालेले १,९०५ रुग्ण. निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना बायपास. २०१६ मध्ये तीन वर्षांचे निष्कर्ष आले : दोन्ही उपचार तोडीस तोड. पण उपचारावेळचा हार्ट अटॅक मोजायला या चाचणीनं ती जागतिक व्याख्या न घेता सीके-एमबीवर बेतलेली स्वतःची व्याख्या घेतली होती. २०१९ च्या डिसेंबरात बीबीसीनं यावर बोट ठेवलं. युरोपातल्या हृदय-शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं या आजाराच्या मार्गदर्शक शिफारशींमागचा आपला पाठिंबा काढून घेतला. पुढच्या वर्षी दोन्ही मापांनी केलेली मोजणी छापून आली. चाचणीच्या व्याख्येनं उपचारावेळचा अटॅक स्टेंटवाल्यांत ३.६ टक्के आणि बायपासवाल्यांत ६.१ टक्के. जागतिक व्याख्येनं स्टेंटवाल्यांत ४.० आणि बायपासवाल्यांत २.२ टक्के.

पुन्हा ऐका. माणसं तीच. उपचार तेच. रेघ बदलली आणि बायपास मागे होता तो पुढे आला. यात कुणी खोटं बोललं का? रक्तानं तर नक्कीच नाही. पण 'स्टेंट बरी की बायपास बरी' असं विचारणाऱ्या रुग्णाला मिळणारं उत्तर, काही अंशी, कुठल्या खोलीत बसून कुणी रेघ आखली यावर अवलंबून होतं.

मग रेघ आखायची तरी कशाच्या आधारावर? एक रास्त मार्ग आहे : पुढे रुग्णाचं काय झालं ते पाहून. २०२२ मध्ये १२ देशांतल्या २४ रुग्णालयांचा एक अभ्यास आला. हृदयशस्त्रक्रिया झालेले १३,८६२ रुग्ण. त्यांच्यात ट्रोपोनिन-आय मोजला. सामान्य हद्द २६. बायपास किंवा महाधमनीची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसात आकडा ५,६७० च्या वर गेला, तेव्हा कुठे महिन्याभरातल्या मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे हद्दीच्या २१८ पट! व्याख्येतली दहापट कुठे आणि ही दोनशेअठरापट कुठे. स्थिर रुग्णांतल्या प्लास्टीबाबत मात्र युरोपीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये उलट सांगितलं : पाचपटीच्या वर गेलेल्यांत वर्षभरातल्या मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, तेव्हा ती रेघ राहू द्या. दोन उपचारांच्या दोन रेघा, आणि दोन्ही रुग्णांच्या नशिबावरून काढलेल्या.

आता तिसरा टप्पा. आपलं वाशीम.

समजा मालेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची अकोल्याला प्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. सहाव्या दिवशी रात्री छातीत कळ. जवळच्या दवाखान्यात ट्रॉप-टीचं कार्ड लावलं. हे कार्ड अनेकांनी पाहिलं असेल : बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी, एका टोकाला खळगा. त्यात रक्ताचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर कार्ड ठीक चाललं आणि निकाल निगेटिव्ह. दोन आल्या तर पॉझिटिव्ह. इथे दुसरी रेघ उमटली. आता सांगा, हा नवा अटॅक आहे की सहा दिवसांपूर्वीचाच ट्रोपोनिन अजून रक्तात फिरतोय? कार्ड हो किंवा नाही एवढंच सांगतं. किती, ते सांगत नाही. वाढतोय की उतरतोय, तेही नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर प्लास्टीच्या आधीचा आकडा नाही, नंतरचाही नाही.

ड्युटीवरच्या डॉक्टरनं अशा वेळी काय करायचं? ईसीजी लगेच काढायचा आणि फाइलमधल्या जुन्या ईसीजीशेजारी ठेवायचा. जाळीत गुठळी होऊन ती बंद पडण्याची भीती पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असते. तेव्हा ईसीजी बदललेला असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायचीच नाही. १०८ बोलवायची आणि प्लास्टी करणाऱ्या कॅथलॅबला कळवायचं. 'रक्त पातळ करायच्या' दोन गोळ्या चालू आहेत ना, हेही तेव्हाच विचारायचं. ईसीजी निःसंदिग्ध नसेल तरच रक्ताचा आधार : काही तासांच्या अंतरानं दोन नमुने, एकाच यंत्रावर. वीस टक्क्यांहून जास्त वाढ म्हणजे नवी इजा. उतार दिसला तर जुनीच ओसरतेय.

'एकाच यंत्रावर' हे मुद्दाम म्हटलं. एका लॅबच्या रिपोर्टवर ०.०४ असतं, दुसरीच्या ४०. घरचे म्हणतात, हजारपट वाढला! काही वाढलेला नाही. पहिली लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजते, दुसरी प्रति लिटरमध्ये, ०.०४ आणि ४० एकच. त्यातून एक लॅब ट्रोपोनिन-टी मोजते, दुसरी आय. आणि आय मोजणारी निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रंही एकमेकांशी जुळत नाहीत. वाशीमचा आकडा अकोल्याच्या आकड्यातून वजा करता येत नाही.

आणखी दोन सापळे. किडनीचा आजार असलेल्यांचा ट्रोपोनिन बारमाही चढा असू शकतो. डायलिसिसवरच्या रुग्णाचा जुना आकडा माहीत नसेल तर नव्याचा अर्थ लागत नाही. दुसरा सापळा उलट्या दिशेचा. केसांसाठी, नखांसाठी ज्या गोळ्या घेतात त्यांत बायोटिन असतं. जास्त मात्रेतलं बायोटिन काही ट्रोपोनिन तपासण्यांना फसवतं आणि आकडा खोटा कमी दाखवतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं याबद्दल इशारा दिला, आणि त्यात अशा चुकीच्या रिपोर्टशी निगडित एका मृत्यूची नोंद होती. तेव्हा डॉक्टरनं 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' असं विचारलं, तर सौंदर्याच्या गोळ्याही सांगायच्या. लाजायचं नाही.

कुणी विचारेल, मग प्लास्टी झालेल्या प्रत्येकाचा ट्रोपोनिन करायलाच हवा का? यावर खुद्द तज्ज्ञांत एकमत नाही. एक बाजू म्हणते, त्रास नाही, नळ्या मोकळ्या, तर आकडा वाढलेला पाहून तुम्ही वेगळं काय करणार? उगाच खर्च आणि उगाच घोर. दुसरी बाजू म्हणते, ज्याचा आकडा फार वाढला त्याला एक दिवस जास्त ठेवता येतं, इको पाहता येतो, गोळ्यांबाबत काटेकोर राहता येतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण छातीत कळ आली, ईसीजी बदलला, किंवा उपचारात काही बिघडलं, तर तपासणी हवीच. यावर वाद नाही. आणि नंतरचा आकडा वाचायला आधीचा लागतोच, यावरही नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. योजनेतून होणाऱ्या प्रत्येक प्लास्टी-बायपासच्या डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी असाव्यात : उपचाराआधीचा ट्रोपोनिन, तारीख आणि वेळेसह, उपचारानंतरचा, केला असल्यास, आणि टी की आय, कुठलं यंत्र, कुठलं एकक. सोबत घरी जातानाच्या ईसीजीची प्रत. पैशाच्या मानानं हे काहीच नाही. नमुना बहुतेक वेळा दाखल करतानाच घेतलेला असतो, आकडा फक्त कार्डावर उतरत नाही. इकडच्या बाजूला २०२४ पासून वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आकड्यात मोजणारी ट्रोपोनिनची सोय चोवीस तास असावी आणि गावोगावच्या दवाखान्यांनी नमुने एकाच प्रयोगशाळेकडे पाठवावेत, एवढं जमलं तरी मालेगावच्या त्या शेतकऱ्याच्या दोन नमुन्यांची तुलना जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होईल.

आज या सभागृहात डॉक्टर असतील, लॅब चालवणारे असतील, आरोग्यमित्र असतील आणि स्प्रिंग टाकून आलेलेही असतील. प्रश्नोत्तरांच्या वेळात त्या तीन ओळींची शब्दरचना सगळ्यांनी मिळून ठरवावी, आणि या सभेच्या अध्यक्षांच्या सहीनं ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावी, अशी विनंती आहे.